पुठ्ठ्याला चिकटवलेली जुनी नोट सोडवण्याची रीत

जुनी कागदी नोट पुठ्ठ्यावर, अल्बमच्या पानावर किंवा चौकटीतल्या कार्डावर चिकटवलेली सापडली की बहुतेकांचा हात आधी सुट्या कोपऱ्याकडे जातो. कोपरा नखानं उचलायचा आणि हळूहळू ओढायचं. पहिला सेंटिमीटर सहज येतो, धीर चढतो, आणि मग मधेच कुठेतरी नोटेच्या पाठीचा पापुद्रा पुठ्ठ्यावरच राहून जातो. तिथे नोट पातळ होते. हे पातळ झालेलं ठिकाण पुन्हा भरून येत नाही, नोट उजेडासमोर धरली की कायम दिसत राहतं.

कितीही हळू ओढलं तरी हे होतं, कारण आपण चुकीची वस्तू वाकवत असतो. पुठ्ठा गेला तरी चालणार आहे. म्हणून नोट पालथी, सपाट आणि स्थिर ठेवायची आणि तिच्या पाठीवरून पुठ्ठा थराथरानं उतरवायचा. वाकेल तो पुठ्ठा, फाटेल तोही पुठ्ठा. कामाचा क्रमही ठरलेला आहे: आधी कोरडं, मग दमट, आणि पाणी सर्वांत शेवटी, तेही नोट चाचणीत टिकली तरच. हा क्रम उलटा केल्यामुळे बिघडलेल्या नोटा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यातल्या दोन माझ्याच हातच्या.

टप्पा १ : मुळात सोडवायची का?

हा टप्पा सगळे गाळतात. जे मागे चिकटलेलं दिसतं ते कधीकधी नोटेचाच भाग असतं.

चेकोस्लोव्हाकियानं १९१९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नोटांवर तिकिटं चिकटवून त्या आपल्या चलनात घेतल्या. अशी नोट पाण्यात टाकली आणि तिकीट सुटलं, की ती चेकोस्लोव्हाकियाची नोटच राहत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या एकाच बाजूला छापलेल्या नोटा टपालानं पाठवताना कापून दोन तुकडे वेगवेगळे धाडत आणि ते पोचल्यावर मागून कागदाची पट्टी लावून जोडत. ती पट्टी म्हणजे घाण नव्हे, त्या नोटेच्या वापराची खूण आहे. शिवाय तीच दोन तुकड्यांना धरून असते. युद्धकाळातली आणीबाणीची काही कूपनं तर थेट जाड कार्डावरच छापलेली असत. तिथे ‘पुठ्ठा’ सोलायला घेतला तर आपण नोटच सोलत असतो.

काही वेळा फलकासकट असलेली वस्तूच जास्त मोलाची असते. अमेरिकेच्या ट्रेझरीनं १८६६ च्या सुमारास ढालीच्या आकाराचे फलक काढले होते. त्यांवर अपूर्णांकी मूल्याच्या (एका डॉलरहून कमी) ३९ नमुना नोटा डकवलेल्या असत, बँकांना खऱ्याखोट्याची तुलना करता यावी म्हणून. पुढे अनेकांनी त्या उकलून सुट्या केल्या. आज संग्राहक अख्खा फलक शोधत फिरतात.

तपासा: भिंगातून कडेकडे पाहा. नोट आणि पुठ्ठा यांच्यामध्ये चिकटाची रेघ दिसतच नाही का? पुठ्ठ्याच्या मागे छपाई, शिक्का, क्रमांक, हस्ताक्षर आहे का? नोट मुळात तुकड्यांत असून मागच्या कागदामुळेच एकत्र राहिली आहे का? यातलं काहीही ‘हो’ असेल तर हात आखडा.

प्रतवारीच्या, म्हणजे नोटेच्या स्थितीला दर्जा ठरवून घेण्याच्या, अपेक्षेनं सोडवत असाल तर तेही आत्ताच समजून घ्या. प्रतवारी करणाऱ्या कंपन्या गोंदाचे अवशेष, धुतल्याच्या आणि दाबल्याच्या खुणा शेऱ्यात नोंदवतात. त्यांतल्या पीएमजी या कंपनीचा ‘ईपीक्यू’ हा शेरा कागद मूळ स्थितीत असलेल्या नोटेसाठी असतो. पाण्यातून काढलेल्या नोटेला तो मिळेल अशी आशा धरू नये. पाठ बघता यावी, जलचिन्ह बघता यावं, आम्लयुक्त पुठ्ठ्यापासून नोटेची सुटका व्हावी, ही कारणं पुरेशी वाटत असतील तरच पुढे जा. आणि नोट दुर्मीळ असेल, गमावणं परवडणारं नसेल, तर ती कागद-संवर्धकाकडे द्या.

टप्पा २ : समोर काय आहे ते ओळखा

तीन गोष्टी ओळखायच्या: कागद, शाई आणि चिकट.

कागद. बहुतेक जुन्या नोटांचा कागद कापसाच्या किंवा तागासारख्या लांब तंतूंचा असतो आणि तो ओला असतानाही बऱ्यापैकी तग धरतो. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या आणि नंतरच्या अनेक आणीबाणीच्या नोटा मात्र लाकडी लगद्याच्या हलक्या कागदावर आहेत. त्या पिवळ्या, ठिसूळ होतात आणि भिजल्या की पापडासारख्या तुटतात. चांगल्या कागदालाही पाणी फुकट मिळत नाही. कागदाला मुळात जिलेटिनसारख्या पदार्थाचा हात दिलेला असतो, त्यामुळे नोट करकरीत लागते. कोमट पाण्यात ती जास्त वेळ राहिली की हा थर उतरतो आणि नोट फडक्यासारखी लुळी पडते.

प्लास्टिकच्या नोटा, म्हणजे ऑस्ट्रेलियानं १९८८ मध्ये पहिल्यांदा काढल्या त्या जातीच्या, या लेखात बसत नाहीत. त्या उष्णतेनं आक्रसतात आणि द्रावकानं त्यांची शाई निघते.

शाई. मुख्य चित्राची उठावदार छपाई सहसा पाण्याला दाद देत नाही. धोका असतो तो नंतर पडलेल्या शाईचा: लाल किंवा निळे क्रमांक, जांभळे रबरी शिक्के, वरून छापलेली मूल्यं, हातानं केलेल्या सह्या. जांभळा शिक्का पाण्याचा थेंब लागताच पसरू शकतो. जुन्या तपकिरी-काळ्या सह्या लोहयुक्त शाईच्या असतात. त्या भिजल्या तर शाईतलं आम्ल आणि लोह आजूबाजूच्या कागदात सरकतं, आणि हे नुकसान लगेच नाही, काही वर्षांनी दिसतं. अशी सही असलेली नोट पाण्यात घालू नका, चाचणीत ‘पास’ झाली तरी.

चिकट. इथे वेळ द्या, कारण पुढची पद्धत यावरच ठरते.

खळ, म्हणजे गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठाची लापशी, वाळल्यावर मळकट पांढरी आणि भुसभुशीत दिसते. पाण्यानं फुगते, विरघळत नाही. सरस तपकिरी, काचेसारखा चकचकीत आणि तडे गेलेला असतो. ओला केला की त्याला जनावराच्या कातड्यासारखा वास येतो. थंड पाण्यात तो फुगतो, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन सुटू लागतो. डिंक आणि डेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेला गोंद) थंड पाण्यातही लवकर चिकट होतात. चारांत सर्वांत सोपे तेच.

पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, वाळल्यावर पारदर्शक आणि लवचीक होतो. पाण्यात तो दुधट, रबरासारखा होतो पण विरघळत नाही. लोळवून काढता येतो, चिकाटी मात्र हवी. रबर सोल्यूशन आणि सेलोटेपचा चिकट पिवळा, तेलकट होऊन कागदात मुरलेला असतो. त्याच्यावर पाणी चालतच नाही. झटपट चिकटणारा गोंद आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी असेल तर घरी काही करू नये.

खळ आहे की नाही हे पडताळायला एक सोपी चाचणी आहे. पुठ्ठ्यावर, नोटेपासून दूर सांडलेल्या चिकटाचे दोन कण खरवडून बशीत घ्या आणि त्यांवर पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, आहे. पुठ्ठ्याचे तंतू खरवडून घेऊ नका, कागदात आणि पुठ्ठ्यातही पिष्ट असू शकतं आणि मग उत्तर चुकीचं येतं. आयोडीन नोटेच्या जवळपासही नेऊ नका.

टप्पा ३ : तयारी

सगळं सामान मांडून झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. ओली नोट तळहातावर घेऊन टीपकागद शोधत फिरण्याइतकी वाईट वेळ नाही.

लागेल ते हे:

- नोटेपेक्षा बरीच मोठी सपाट काच, कडा घासलेली
- स्वच्छ, पांढरा, छपाई नसलेला टीपकागद, किमान दहा-बारा तुकडे
- पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म आणि न विणलेलं पॉलिएस्टर कापड, नोटेपेक्षा मोठं कापलेलं
- डिस्टिल्ड पाणी
- बोथट, पातळ धातूची चपटी पट्टी, तिच्या कडा बारीक पॉलिशपेपरनं गुळगुळीत केलेल्या
- धारदार पातं, पण फक्त पुठ्ठ्यासाठी
- मऊ चपटा ब्रश, अगदी बारीक ब्रश, भिंग, तिरका उजेड पाडता येईल असा दिवा
- सपाट बुडाचा ट्रे
- मिथाइल सेल्युलोजची पूड (हिचं जेल सहाव्या टप्प्यातल्या लेपासाठी लागतं)

पूड गरम पाण्यात विरघळत नाही, थंडात विरघळते. म्हणून आधी एकूण पाण्याचा तिसरा हिस्सा गरम करून त्यात पूड पसरवायची, ढवळायची आणि मग उरलेलं थंड पाणी घालायचं. १०० मिलिलिटर पाण्याला ४ ते ५ ग्रॅम. रात्रभर ठेवलं की पारदर्शक, घट्ट जेल होतं. वॉलपेपर लावण्याची तयार पूड यासाठी वापरू नका. तिच्यात बुरशीनाशकं आणि इतर चिकट मिसळलेले असतात.

हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. दोन्ही बाजूंचे, तिरक्या उजेडातले आणि शक्य असल्यास मागून उजेड टाकलेले फोटो काढा. आधीपासून असलेली भोकं, चिरा आणि पातळ जागा नोंदवून ठेवा. नंतर एखादं भोक दिसलं की ते आपण पाडलं की आधीचंच, हा वाद स्वतःशीच होतो.

आणि सराव. कुठलाही टाकाऊ, जाडसर कागद तशाच चिकटानं तशाच पुठ्ठ्यावर लावा, पूर्ण वाळू द्या आणि तो सोडवा. ताजा चिकट जुन्यासारखा वागत नाही हे खरं, पण पुठ्ठ्याचा पापुद्रा कुठे संपतो ते बोटांना यातूनच कळतं.

टप्पा ४ : थेंबाची चाचणी

प्रत्येक रंगाची, प्रत्येक शिक्क्याची, प्रत्येक सहीची वेगळी चाचणी. एका काळ्या रेघेवर थेंब टाकून ‘शाई पक्की आहे’ म्हणणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

१. बारीक ब्रशच्या टोकानं एक-दोन मिलिमीटरचा थेंब रंगाच्या कमीत कमी दिसणाऱ्या जागी ठेवा.
२. एक मिनिट थांबा. वरून टीपकागदाचा छोटा तुकडा टेकवा, घासू नका.
३. तुकडा भिंगाखाली पाहा. रंगाची पुसट छटाही आली तरी ती शाई नापास.
४. काही आलं नाही तर तिथेच पुन्हा थेंब ठेवा आणि या वेळी पाच मिनिटं थांबा. थेंब सुकू लागला तर दुसरा टाका. नोट पाण्यात वीस मिनिटं राहणार असेल तर एका मिनिटाच्या चाचणीला फारसा अर्थ नाही.
५. कोमट पाणी वापरणार असाल तर कोमट पाण्यानं पुन्हा चाचणी घ्या.

सावध: हलक्या, पिवळ्या कागदावर या थेंबाभोवतीही तपकिरी कडा उमटू शकते. तशी उमटली तर तो कागद अर्धवट ओल सहन करणारा नाही. एवढ्यावर थांबा.

नोटेची पाठ पुठ्ठ्याखाली दडलेली आहे, हे विसरू नका. पाठीवरच्या शाईबद्दल तुम्हाला अजून काहीच ठाऊक नाही. ती उघडी पडेल तशी तिचीही चाचणी घ्यायची.

टप्पा ५ : कोरडं काम

खरं काम इथे होतं, आणि तीन-चतुर्थांश वेळ इथेच जायला हवा.

नोट वर ठेवून आधी भोवतीचा जास्तीचा पुठ्ठा कापा. पातं आणि धातूची पट्टी वापरा, नोटेच्या कडेपासून एक सेंटिमीटर सोडून. कात्री नको. कात्री पुठ्ठा वाकवते, आणि पुठ्ठा वाकला की नोटेवर सुरकुती पडते. कापताना नोटेवर फिल्म झाकलेली असू द्या. पातं घसरतं.

आता काचेवर फिल्म अंथरून नोट पालथी ठेवा. पुठ्ठा वर आला. एका कोपऱ्यात पातं पुठ्ठ्याच्या जाडीत आडवं घाला, नोटेच्या जवळ नाही, वरच्या थरात. पापुद्रा सुटला की तो चिमटीत धरा आणि मागे, जवळजवळ टेबलाला समांतर, स्वतःवरच गुंडाळत न्या. सरळ वर ओढू नका. दुसऱ्या हाताची बोटं पापुद्रा सुटतोय त्या रेषेच्या लगेच मागे टेकवून ठेवा, म्हणजे खालची नोट उचलली जाणार नाही. कोपऱ्यांकडून मध्याकडे या. एकाच बाजूनं आरपार गेलात तर शेवटच्या कडेला सगळा ताण एकवटतो आणि नोटेची तीच कड फाटते.

राखाडी पुठ्ठा आज्ञाधारक असतो, थर छान सुटतात. जुन्या छायाचित्रांखालचं घट्ट कार्ड हट्टी असतं, त्याचे तुकडे तुकडे निघतात. पन्हळी पुठ्ठा असेल तर आधी वरचा कागद आणि मग पन्हळ काढा. तिथे चिकट फक्त रेघांवर असतो आणि जोर एकसारखा पडत नाही, तेव्हा पट्टी रेघांच्या दिशेनं चालवा. लाकडी फळीवर किंवा प्लायवूडवर चिकटवलेली नोट असेल तर हा टप्पा करताच येत नाही.

कुठे थांबायचं? साध्या लिहायच्या कागदाइतका एकच थर उरला की. तिरक्या उजेडात उठावदार छपाईचे उंचवटे मागून जाणवायला लागतात, पुठ्ठ्याचा रंग पातळ होतो, कधी चिकटाचा चकाकता ठिपका डोकावतो. तिथे पातं खाली ठेवा आणि परत हातात घेऊ नका. ‘अजून थोडंसं’ म्हणून मी एकदा पातं चालवलं आणि सुरक्षा-धाग्याच्या बाजूला नखाएवढं भोक पाडलं. शेवटचा थर ओलीनं काढायचा असतो.

तपासा: नोट फिल्मसकट उलटी करून पुढची बाजू पाहा. नवी सुरकुती, कोपऱ्यात चीर, कुठे फुगवटा? दिसलं तर आजचं काम इथेच थांबवा.

नोट फक्त चार ठिपक्यांवर किंवा तिकिटाच्या बिजागरीनं (टपाल तिकिटं अल्बममध्ये लावायच्या छोट्या गोंदपट्टीनं) चिकटवलेली असेल तर पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. ठिपक्याभोवतीचा पुठ्ठा कापून नोट मोकळी करायची आणि प्रत्येक ठिपका वेगळा हाताळायचा.

टप्पा ६ : ओल, जेवढी लागेल तेवढीच

अर्धवट भिजणं हा कागदाचा शत्रू आहे. ओल पसरत जाते तशी कागदातली तपकिरी घाण पुढे ढकलली जाते आणि ओल्या-कोरड्याच्या सीमेवर रेघ बनून बसते. म्हणून एक तर ओल अगदी ताब्यात ठेवायची, नाही तर सगळी नोट एकसारखी भिजवायची. मधला मार्ग नाही. किटलीच्या वाफेवर नोट धरणं हा नेमका तो मधला मार्ग आहे. वाफ एका जागी लागते, थेंब होऊन ओघळते, सरस पातळ होऊन कागदात आणखी खोल जातो. माझी दुसरी नोट अशीच गेली.

लेप. शाई संशयास्पद असेल किंवा चिकट ठिपक्यांपुरता असेल तेव्हा हा मार्ग. नोट पालथी. मिथाइल सेल्युलोजचं घट्ट जेल उरलेल्या थरावर दोन-तीन मिलिमीटर जाडीनं लावा, थराच्या कडेच्या थोडं आत. वरून फिल्म झाका, म्हणजे वाळणार नाही. दहा मिनिटांनी कडेला पट्टीचं बोथट टोक लावून पाहा. थर स्वतःहून घसरत असेल तर जेलसकट उचला. घासावं लागत असेल तर वेळ झालेली नाही, आणखी दहा मिनिटं द्या. काम तळहाताएवढ्या नाही, दोन बोटांएवढ्या भागात करा. प्रत्येक भाग झाला की कोरड्या टीपकागदानं ओल टिपा आणि खाली नोट ओली होत चालली आहे का ते पुढच्या बाजूनं पाहा.

पाण्यावर ठेवणं. पूर्ण पाठभर चिकट आहे, सगळ्या शाया पास आहेत, कागद चांगला आहे, तेव्हाच. आधी नोटेला दमट करून घ्या: झाकणाच्या डब्यात तळाला ओला टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर नोट, तासभर. ओल्या कागदाचा नोटेला स्पर्श नको. कोरडी नोट थेट पाण्यावर ठेवली तर पाठीचा थर एकदम प्रसरण पावतो, नोट पुंगळीसारखी वळते आणि ती सरळ करताना फाटते.

मग ट्रेमध्ये दीड सेंटिमीटर डिस्टिल्ड पाणी घ्या. नोट न विणलेल्या पॉलिएस्टरवर ठेवून, पुठ्ठ्याची बाजू खाली करून, पॉलिएस्टरसकट पाण्यावर टेकवा. डिंकाला साधं गार पाणी पुरतं. खळीला ३५ अंशांच्या आसपास कोमट बरं. सरसाला आधी गार पाण्यात फुगू द्या आणि मग हळूहळू ४० पर्यंत न्या. दर पाच मिनिटांनी पाहा. खळीला वीस मिनिटंही लागतात, कधी त्याहून खूप जास्त. पाणी पिवळं झालं तर बदला. रंगीत झालं तर लगेच नोट बाहेर काढून टीपकागदावर घ्या.

सावध: पाण्यात साबण, ब्लीच, सोडा, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही घालायचं नाही. डाग काढणं आणि नोट सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. थुंकीनं खळ सुटते असं सांगणारे भेटतात, आणि गंमत म्हणजे ते खरंही आहे. लाळेतलं अमायलेज पिष्ट तोडतं. पण ते कागदात मागे राहता कामा नये, आणि ते पूर्ण धुऊन निघालं याची खात्री घरी करता येत नाही.

ओली नोट कधीही कोपऱ्यानं उचलायची नाही. नेहमी खालच्या पॉलिएस्टरसकट. तिचं वजन आता दुप्पट झालेलं असतं आणि ताकद कितीतरी कमी.

टप्पा ७ : चिकटाचा शेवटचा हात

पुठ्ठ्याचा थर गेला म्हणजे नोट स्वच्छ झाली असं नाही. पाठीवर बुळबुळीत थर असतो. तो तसाच वाळला तर नोट पुन्हा टीपकागदाला चिकटते. हे इतक्यांदा घडतं की वेगळा टप्पा करावा लागला.

नोट फिल्मवर पालथी ठेवा. मऊ चपट्या ब्रशनं, मध्यापासून बाहेर, एकाच दिशेनं चिकट सरकवत न्या. प्रत्येक फेरीनंतर ब्रश धुवा. गोल गोल घासलं तर ओल्या कागदाचे तंतू उठतात आणि पाठीला लव आल्यासारखी दिसते. पीव्हीए असेल तर ब्रश चालत नाही. तो दुधट झाला की पट्टीच्या बोथट कडेनं हलकेच लोळवत वळ्या करून काढा. सगळा निघणार नाही. उरलेल्यासाठी कागद खरवडू नका. मग नोट पॉलिएस्टरवरच, दोनदा बदललेल्या स्वच्छ पाण्यात पाच-पाच मिनिटं. लेपाचा मार्ग घेतला असेल तर बुडवायचं नाही. जेलचे अवशेष पिळलेल्या ओलसर ब्रशनं आणि टीपकागदानं आळीपाळीनं टिपून घ्यायचे.

तपासा: बोटाचं टोक पाठीला हळूच टेकवा. निसरडं लागलं तर चिकट अजून आहे.

टप्पा ८ : वाळवणं

टीपकागद, त्यावर पॉलिएस्टर कापड, नोट, पुन्हा कापड, पुन्हा टीपकागद. पहिली दहा मिनिटं वरून काही नाही, नुसता हाताचा दाब. टीपकागद बदला. मग वर काच किंवा अॅक्रिलिकची पातळ पाटी, साधारण अर्धा किलो वजन. तासाभरानं टीपकागद पुन्हा बदला, संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन दिवस तरी.

जास्त वजन ठेवायचा मोह होतो, कारण नोट सपाट यावी असं वाटतं. पण उठावदार छपाईचे उंचवटे दाबाखाली बसतात, आणि नोट हातात घेतल्यावर ती ‘मेलेली’ लागते. जुन्या घडीची खूण राहिली तर राहू द्या. इस्त्री नको, ऊन नको, केस वाळवायचं यंत्र नको. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पेपर नॅपकिनही नको: त्याच्यावरची ठिपक्यांची नक्षी ओल्या नोटेवर जशीच्या तशी उमटते.

वाळल्यावर तिरक्या उजेडात पाठ पाहा. चकाकणारे डाग म्हणजे उरलेला चिकट. थोडा असेल तर सोडून द्या. दुसऱ्यांदा पाण्यात घालण्याइतका तो क्वचितच वाईट असतो.

पाणी चालत नाही तेव्हा

सेलोटेपची वरची प्लास्टिकची पट्टी पुष्कळदा आपोआप सुकून सुटते. नाही सुटली तर एका टोकाला अगदी मंद कोमट हवा देऊन, पट्टी स्वतःवरच वळवत, टेबलालगत न्यायची. खालचा गिळगिळीत थर क्रेप रबरच्या तुकड्यानं हलकेच टेकवून उचलता येतो, उठावदार छपाईवर मात्र नाही. तेलकट पिवळा डाग तसाच राहणार. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं पाणी लावून तो घालवायला गेलात तर चिकट पातळ होऊन कागदात आणखी पसरतो, नोट तिथे तेलकागदासारखी पारदर्शक होते, शिवाय ही द्रव्यं भडकतात.

चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेल्या नोटेसाठी, मेण न लावलेला दातांचा धागा नोट आणि पान यांच्यामध्ये घालून करवतीसारखा पुढेमागे न्यायचा, पान मागे झुकवत. चिकट कडक झाला असेल आणि धागा अडत असेल तर ओढू नका. पान नोटेभोवती कापून घ्या आणि मागून थर उतरवा, पाचव्या टप्प्यासारखे.

सुटल्यानंतर

नोट पूर्ण वाळल्यावरही आणखी दोन-तीन दिवस टीपकागदांमध्ये राहू द्या, मगच पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला. पीव्हीसीचं मऊ पाकीट टाळा, त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) सुटून नोटेला चिकटपणा आणतं. आधीचे आणि नंतरचे फोटो, चिकट कोणता होता, पाणी वापरलं की फक्त लेप, हे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटाबाहेर ठेवा. नोट विकलीत किंवा दिलीत तर ती चिठ्ठीही बरोबर द्या.